पट्टा का सोडत नाही

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आपल्या कुत्र्याचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालीस, "आई, डोंगरावर तरी खंड्याला मोकळा सोड की!" गॅसवर दूध होतं, म्हणून नीट बोलता आलं नाही. आता सांगते.

तू पुण्याला गेलीस त्यानंतरच्या मे महिन्यातली गोष्ट. मी आणि खंड्या मसाई पठारावर गेलो होतो. पहाटे पाचला घर सोडलं, वाघबिळाचा चढ चढून पन्हाळ्याच्या पुढं गेलो तेव्हा पूर्वेला तांबडं फुटत होतं. पठारावर ना माणूस, ना गुरं. मी त्याचा पट्टा काढला. एक चंडोल गात गात सरळ वर चढत होता, मी दुर्बीण लावून त्याच्यातच गुंतले. खंड्या नाक जमिनीला लावून हुंदडत होता. असंच फिरता फिरता नऊ वाजले.

मग टिटव्यांनी आकांत मांडला. जोडी होती. डोक्यावरून झेप घ्यायच्या, वळायच्या, पुन्हा खाली यायच्या. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होणार, असं तुझी आजी म्हणायची. मी तिकडं लक्षच दिलं नाही. खडकावर बसून थर्मासमधला चहा प्याले, खंड्या शेजारी जीभ काढून बसला. अर्धा तास तरी गेला असेल. उठले आणि पाऊल टाकणार तोच हातभर अंतरावर चार अंडी दिसली. मातकट, काळ्या डागांची. भोवती थोडे खडे, बस. त्याला घरटं म्हणावं असं काहीच नव्हतं. जांभ्यावर हात टेकला तर चटका बसला.

कडक उन्हात टिटवी अंड्यांवर सावली धरून असते गं. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि त्या ओलाव्यानं अंडी थंड ठेवते. आणि मी अर्धा तास तिला अंड्यांजवळ फिरकू दिलं नव्हतं. ओरडून ओरडून ती तेच सांगत होती.

आठ दिवसांनी एकटी जाऊन पाहिलं. खडे होते, अंडी नव्हती. पिल्लं निघाली की मुंगसानं नेली, कळायला मार्ग नाही. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लगेच पळायला लागतात, एवढाच काय तो धीर. पण रुखरुख गेलेली नाही.

उन्हाळा हाच यांचा विणीचा काळ. टिटवी, चंडोल, सगळ्यांचा संसार उघड्या जमिनीवर. खंड्या कुणाला चावणार नाही, हे तुला माहीत, मला माहीत. टिटवीला कसं माहीत असणार?

म्हणून आता पंधरा फुटी दोरी आहे. आणि खरं सांगू, तेव्हापासून मला पक्षी जास्त दिसतात. तो थांबला की मलाही थांबावं लागतं. परवा वळीव पडून गेल्यावर पन्हाळ्याच्या उतारावर करवंदीच्या जाळीपाशी तो कान टवकारून उभा राहिला. मला काहीच ऐकू येईना. मग वाळक्या पाल्यात खसखस झाली आणि नवरंग बाहेर आला. हिरवी पाठ, बुडाशी लालभडक, पंखावर निळा तुकडा, आखूड शेपटी. दोन-तीन उड्या मारून पाला उलटला, किडा उचलला आणि जाळीत गेला. थोड्या वेळानं आतून त्याची ती दोन सुरांची शीळ आली. इतकी वर्षं नुसती शीळच ऐकत होते मी. डोळे भरून आले.

खंड्याची काळजी करू नकोस. नऊच्या आत आम्ही खाली असतो, पाण्याचा वाडगा पिशवीत असतो. खडकावर तळहात टेकवत नाही असं झालं की परतायचं, कारण त्याचे तळवे आपल्यासारखेच भाजतात. घरी आल्यावर कानामागं, बोटांमध्ये गोचीड तपासते. दाजीपूरला मात्र त्याला नेणार नाही, तूही हट्ट करू नकोस. अभयारण्यात कुत्र्याला बंदी आहे आणि ती हवीच.

पाऊस धरायच्या आत एक रविवार काढ. शनिवारी रात्री पोचलीस की पहाटे निघू. दोरी तू धर, दुर्बीण मी घेते.

तुझी,
आई