फोटो नको, वाक्य छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत बालकलाकारांवर पानभर मजकूर आला होता. दोन-दोन फोटो शेजारी शेजारी, डावीकडं तेव्हाचा, उजवीकडं आत्ताचा, आणि खाली एकेक ओळ. हॉलिवूडची एकेकाळची बालनटी मारा विल्सन, तिच्या फोटोखाली छापलं होतं की सिनेमे मिळेनासे झाले, आता लेखन करून दिवस काढते. बुधवारी तुमच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. पुढचं पान कोल्हापूरच्या बालकलाकारांवर करतोय, तुमचे तेव्हाचा आणि आत्ताचा असे दोन फोटो पाठवाल का, म्हणून. मुलगी नीट बोलत होती, तिच्यावर माझा काही राग नाही. पण 'दिवस काढते' हे दोन शब्द डोक्यातून जाईनात, म्हणून लिहायला बसले.

आधी माझं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. आमचे आण्णा जयप्रभा स्टुडिओत ड्रेपरीला होते. मावळ्यांचे अंगरखे, पाटलिणीची नऊवारी, तमासगिरांचे शेले, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. १९७९ साली एका ग्रामीण चित्रपटासाठी मुंबईहून ठरवलेली मुलगी तापानं आजारी पडली. तिच्या मापानं शिवलेलं परकर-पोलकं तयार होतं. दिग्दर्शकांनी आण्णांना विचारलं, "तुमची पोरगी केवढी हाय ओ?" मी नऊ वर्षांची होते. परकर मला दोन बोटं लांब झाला, आण्णांनी तिथंच बसून टीप घातली. अशी मी सिनेमात आले. त्यानंतर आणखी दोन चित्रपट केले आणि बाराव्या वर्षी माझं काम संपलं. उंची वाढली होती.

पहिल्या चित्रपटात माझा एक मोठा प्रसंग होता. रात्र, पाऊस, घरात आजारी भाऊ, आणि मी दप्तरातून औषधाची चिठ्ठी काढून वाचते. वाक्य होतं, "आई, कंदील मोठा कर, मला दिसत नाही." मी ते आमच्या घरात बोलतात तसं बोलले, "आये, कंदील मोठा कर की, मला दिसंना झालंय." सेटवर सगळे गप्प झाले. आईचं काम करणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दिग्दर्शक म्हणाले, हेच ठेवा.

त्या वेळी कॅमेरा चालू झाला की शिलाई मशीनसारखी घरघर व्हायची. त्यामुळं सेटवरचा आवाज नुसता खुणेपुरता धरायचे, खरे संवाद नंतर मुंबईला डबिंगमध्ये भरायचे. फिल्मचा तुकडा गोल जोडून पडद्यावर परत परत फिरवायचा आणि ओठ बघत वाक्य बसवायचं. लहान मुलांना ते जमत नाही, वेळ खातं, म्हणून मुलांचे आवाज बऱ्याचदा मोठ्या बायका काढत. त्यात माझी चौथीची परीक्षा होती. आण्णांना रजा मिळाली नाही. आम्हाला कुणी बोलावलंही नाही.

लक्ष्मीपुरीतल्या टॉकीजमध्ये आम्ही घरची सगळी चित्रपट बघायला गेलो. आई, आण्णा, आत्या, शेजारच्या दोन काकू. तो प्रसंग आला. पडद्यावर मी तोंड उघडलं, आणि आतून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला. गोड, बारीक, शहरी. "आई, कंदील मोठा कर ना गं, मला दिसत नाही." ओठ 'दिसंना' म्हणत होते आणि कानावर 'दिसत नाही' येत होतं. थिएटरात लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं माझा हात दाबला. मी आईच्या कानात म्हटलं, "ती मी न्हाई." आईला वाटलं मी लाजतेय. ती म्हणाली, "अगं तूच की ती, बघ की कशी दिसतीयास."

कशी दिसतेय. पुढची चाळीस वर्षं लोकांनी मला तेवढंच सांगितलं. महाद्वार रोडला, अंबाबाईच्या रांगेत, पतसंस्थेच्या काउंटरवर, जिथं मी एकतीस वर्षं नोकरी केली. "तुम्ही ती कंदीलवाली पोरगी न्हवं? चेहरा अजून तस्साच हाय बघा." नाहीतर, "मग पुढं काय झालं? सोडलं व्हय काम?" विचारणारे प्रेमानंच विचारायचे. पण नऊ वर्षांच्या पोरीचा चेहरा जन्मभर गळ्यात बांधून फिरायचं म्हणजे काय, हे ज्याच्या गळ्यात आहे त्यालाच कळतं. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी माझा पुढचा दुधाचा दात पडला होता, उशिरा पडला माझा. आदल्या दिवशीच्या शॉटमध्ये दात होता. मेकअपच्या काकांनी पांढरं मेण मळून दात केला आणि हिरडीला चिकटवला. म्हणाले, जीभ लावू नको. दिवसभर मी जीभ आवरून बसले होते. मूल वाढतं, पण वाढलेलं दिसता कामा नये, हे तिथं पहिल्यांदा कळलं.

आपल्या कोल्हापूरला तर हे नवीन नाही. बेबी शकुंतला, बेबी नंदा. नंदा इथंच जन्मल्या, पुढं हिंदीतल्या मोठ्या नायिका झाल्या, तेव्हा त्यांच्या नावामागचं 'बेबी' सुटलं. शकुंतलाबाई प्रभातच्या 'रामशास्त्री'त लहान वयात दिसल्या, मोठेपणी नायिका झाल्या, लग्न करून याच जिल्ह्यात राहिल्या, आणि २०१५ मध्ये गेल्या तेव्हाही बातमीत त्या बेबी शकुंतलाच होत्या.

आता मारा विल्सन. माझ्या धाकट्या मुलीमुळं मला तिचं नाव कळलं. 'मिसेस डाउटफायर' १९९३ चा, 'मटिल्डा' १९९६ चा. 'मटिल्डा' पडद्यावर यायच्या आधीच तिची आई कॅन्सरनं गेली. तिचं वय तेव्हा आठ. सिनेमे मिळेनासे झाले हे तुम्ही छापलंत ते खरं आहे, तिनं स्वतःच ते लिहून सांगितलंय. वयात आल्यावर आपण हॉलिवूडवाल्यांना हवे तसे गोंडस राहिलो नाही, हे तिनं कुठलाही आडपडदा न ठेवता मांडलं. २००० नंतर तिनं चित्रपटातलं काम जवळजवळ थांबवलं. मग न्यूयॉर्कला नाट्यशिक्षण घेतलं, एकपात्री आणि नाटकं लिहिली. बालकलाकारांचं मोठेपणी बिनसतं का, यावर २०१३ मध्ये तिनं एका वेबसाइटवर लिहिलेला लेख जगभर वाचला गेला. २०१६ मध्ये आठवणींचं पुस्तक आलं. २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिनं लिहिलं की लहान मुलीला पत्रकार काय काय विचारायचे. बॉयफ्रेंड आहे का, इथपासून. ते वाचताना मी दोनदा उठून पाणी प्यायले. हे सगळं सांगणारी बाई दिवस काढत नाही. ज्या धंद्यानं तिला वापरलं, त्या धंद्याला ती उत्तर देतेय, आणि तेही भाड्याच्या संवादात नाही, स्वतःच्या वाक्यात.

आणि मला सगळ्यात भिडलेली गोष्ट तर तुमच्या पानावर नव्हतीच. 'वेलकम टू नाइट व्हेल' नावाची एक श्राव्य मालिका आहे, २०१२ पासून इंटरनेटवर चालते. त्यात मारानं एका म्हातारीचं काम केलं. त्या म्हातारीला चेहराच नाही. ती लोकांच्या घरात गुपचूप राहते, दिसत कुणालाच नाही, फक्त बोलते. जिला सगळं जग चेहऱ्यावरनं ओळखायचं, ती मुलगी मोठी होऊन बिनचेहऱ्याची बाई झाली आणि नुसत्या आवाजावर उभी राहिली. मुलीनं मला तिचा एक भाग ऐकवला. इंग्रजी मला निम्मंच कळलं. पण मी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून तो परत ऐकला, कानात इअरफोन घालून, एकटीनं.

विल व्हीटन या अमेरिकन नटाचंही असंच. १९८६ आणि ८७ मध्ये तो पोरसवदा असताना गाजला, नंतर काम आटलं. २००१ मध्ये त्यानं स्वतःची वेबसाइट उभी केली आणि आपण मागं पडलो याची भीती, हप्ते, घर, बायको-मुलं हे सगळं त्यावर लिहायला लागला. त्यातनं पुस्तकं झाली, पुढं २०१२ मध्ये यूट्यूबवर बैठ्या खेळांचा कार्यक्रम. लोकांनी त्याला दुसऱ्यांदा ओळखलं ते या लिखाणामुळं.

मी काही एवढी मोठी नाही. पतसंस्थेत असताना दुपारच्या सुट्टीत वहीत लिहायचे. दिवाळी अंकांना पाठवलं की उत्तर यायचं, शूटिंगच्या आठवणी असल्या तर पाठवा, नटनट्यांचे किस्से असले तर बरं. मला लिहायचं होतं आण्णांच्या टेबलाबद्दल. एकच शेला चार चित्रपटांत चार रंगांत कसा दिसायचा त्याबद्दल. बाबूराव पेंटरांनी १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तेव्हापासून या गावात सुतार, शिंपी, रंगारी, लोहार सिनेमावर जगले. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, पण सुईदोऱ्याचा नाही. प्रभातचा जन्मही १९२९ मध्ये इथलाच, १९३३ ला कंपनी पुण्याला गेली, आणि इथं मागं जे राहिले त्यांच्या घरात या गोष्टी पडून आहेत.

निवृत्त झाल्यावर मुलीनं मोबाइलवर रेकॉर्डिंग शिकवलं. माळ्याखालच्या खोलीत मी डोक्यावरनं गोधडी घेते, म्हणजे रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज येत नाही, आणि बोलते. पॉडकास्ट म्हणतात त्याला. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज परत ऐकला तेव्हा मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. घोगरा आहे, 'न्हाई' आणि 'व्हय' आहे त्यात. मुलगी म्हणाली, काढून टाकायचं का आई ते? मी म्हटलं, हात लावू नको त्याला. आजवर ८६ भाग झाले. इचलकरंजीचा एक माग चालवणारा मुलगा रात्रपाळीत ऐकतो, त्यानं मला लिहिलं, "काकी, तुमी आमच्या आजीवानी बोलताय." एवढी पावती मला कुठल्या टाळीनं दिली नव्हती.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. बालकलाकारांवर पान जरूर करा, पण त्यांना 'गायब' म्हणू नका. ती माणसं लिहीत असतील, शिकवत असतील, दुकान चालवत असतील. ती कशी दिसतात यापेक्षा काय सांगतात ते छापा.

आणि जागा उरली तर आत्ताच्या मुलांबद्दल छापा. मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकांची शूटिंग चालतात, त्यात मुलं असतात. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं बालकलाकाराला दिवसाला पाच तासांच्या वर काम देता येत नाही, सलग तीन तासांच्या वर तर नाहीच. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मिळकतीतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं ठेव म्हणून टाकावा लागतो. अमेरिकेत जॅकी कूगनच्या वेळी असं काही नव्हतं. चॅप्लिनबरोबर काम केलेलं ते पोर, मोठं झाल्यावर त्याला कळलं की लाखो डॉलर आई आणि सावत्र बापानं उडवले. तो कोर्टात गेला आणि त्याच्यामुळं १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. आमच्या वेळी इथंही कुणी काही विचारत नव्हतं. माझ्या पहिल्या कामाचे ५०१ रुपये आले, त्यात घरावर नवी कौलं चढली. मला त्याचं वाईट वाटत नाही, आम्ही सगळेच त्या कौलांखाली झोपलो. पण किती आले ते मला मोठी झाल्यावर कळलं. आता किती पालकांना हा २० टक्क्यांचा नियम माहीत आहे? तुमच्या अंकात तो ठळक चौकटीत आला तर शंभर घरांत वाचला जाईल.

रील्सचं तर आणखी अवघड. तिथं सेट नाही, दिग्दर्शक नाही, घरच सेट आणि आईबापच दिग्दर्शक. आमच्या गल्लीतली एक सहा वर्षांची पोर रोज संध्याकाळी तिच्या आईच्या मोबाइलसमोर दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजावर ओठ हलवते. फार गोड करते. लोक भरभरून लाइक देतात. परवा मी तिला जिन्यात गाठून विचारलं, तुझं स्वतःचं एक गाणं म्हण की. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "कुठलं लावू?" अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून अशा व्हिडिओंतल्या मुलांना कमाईतला वाटा राखून ठेवायचा कायदा लागू झालाय. पैशाचं त्यानं होईल काहीतरी. आवाजाचं कोण बघणार, ते आपण घरच्यांनीच बघायला हवं. मी तिच्या आईशी बोलले. तिला आधी राग आला, मग ती गप्प बसली. शनिवारी पोरगी माझ्या गोधडीत येऊन बसणार आहे. शाळेच्या वाटेवरच्या कुत्र्याची गोष्ट सांगणार आहे म्हणे.

फोटोंचं राहिलं. तेव्हाचा फोटो माझ्याकडं एकच आहे, परकर-पोलक्यातला, आण्णांनी घातलेली टीप त्यात दिसते. तो मी पाठवत नाही. त्या जागेवर माझं वाक्य छापा, मी बोलले होते तसं, एकही अक्षर न सुधारता:

"आये, कंदील मोठा कर की, मला दिसंना झालंय."

आपली,
एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर