पेटी मी आल्यावर काढीन

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा आईनं "जेवलीस का गं?" विचारलं आणि पुढचं बोलणंच झालं नाही. म्हणून पत्र.

मी राजीनामा दिलाय. ३० तारीख शेवटची. आता पूर्ण वेळ गाणंच करणार. तुम्हाला आधी विचारलं नाही, ही माझी चूक. तुम्ही नको म्हणाला असता असं नाही; बाबा नुसते गप्प बसले असते आणि मला ते बघवलं नसतं.

आठ महिन्यांचं भाडं बाजूला काढून ठेवलंय. शनिवार-रविवार ११ मुलं शिकायला येतात, अधूनमधून जाहिरातींच्या चालींचं काम मिळतं. तुमच्या खात्यात महिन्याला येतात ते पैसे येत राहतील. तुमच्या विम्याचा वर्षाचा हप्ताही भरून टाकलाय. डबा तोच, भाकरी गरम असते. रात्री उशिरा काम संपलं तर आम्ही चौघं एकाच रिक्षानं येतो. आई, दूध रोज घेते. खरंच.

बाबा, गणपतीत माझं गाणं ऐकून तुम्ही म्हणालात, "आवाज तुझा, बाकी भेसळ." राग नाही आला, पण मनात राहिलं. मिरजेच्या उरसाला तुम्हीच न्यायचात ना मला? दर्ग्यात त्या चिंचेखाली सतरंजीवर, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून. शाल माझ्या अंगावर आणि तुम्ही नुसत्या सदऱ्यात. कोण गातंय ते कळायचं नाही, तुमच्या बोटांचा ठेका मात्र झोपेतही पाठीवर पडत राहायचा. तिथंच तुम्ही सांगितलंत, अब्दुल करीम खाँसाहेब किराणा घराण्याचे, पण म्हैसूरच्या दरबारात जात राहिले आणि तिकडची सरगम त्यांनी आपल्या ख्यालात आणली. १९३७ साली गेले तेही पाँडिचेरीच्या वाटेवर. मी तुलना करत नाही, तेवढी समज तुम्हीच दिलीत. पण दुसऱ्याकडचं घेऊन आपलं राखता येतं, हे मी तुमच्याकडूनच ऐकलंय.

भजनी ठेका ८ मात्रांचा. ड्रम मशीनच्या चार-चारच्या घरात तो अलगद बसतो, ओढाताण करावी लागत नाही. आणि गाण्याच्या तळाशी श्वासासारखं काही ऐकू येतं ना, तो आपल्या पेटीचा भाता आहे. दिवाळीत तुम्ही दुपारी झोपला होता तेव्हा दार लावून रेकॉर्ड केला, एकही सूर न दाबता, नुसता भाता. पहिल्यांदा हेडफोनवर ऐकला तेव्हा मला आपल्या ओसरीवरचा गुरुवार दिसला, तुम्ही, टाळ, आई चहा गाळतेय.

२०१९ ला पाणी घरात शिरलं तेव्हा कपाटाच्या आधी तुम्ही पेटी माळ्यावर चढवलीत. आजीचा तंबोरा तेवढा खाली राहिला, भोपळा भिजून उकलला. तेव्हापासून तुम्ही पेटी वाजवली नाहीत. मी कधी कारण विचारलं नाही, आताही विचारत नाही.

आता ऐका. बी.पी.ची गोळी सकाळी नाश्त्याबरोबर, 'बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही. आई, गुडघ्याचा पट्टा देव्हाऱ्यामागे ठेवलायस, मला माहितीये, तो बांध. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ३५ फुटांवर गेलं की विश्रामबागला मावशीकडे निघायचं. ४० ची वाट बघायची नाही, शेजारी काहीही म्हणोत. शेजाऱ्यांनी नोकरीचं विचारलं तर सांगा, गाणं करते. नाही सांगावंसं वाटलं तर पुण्यात असते एवढंच सांगा, मला वाईट वाटणार नाही.

पुढच्या शनिवारी रात्री निघते. रविवारी पहाटे स्टँडवर घ्यायला येऊ नका, मी येईन चालत. आणि बाबा, माळ्यावर चढू नका. पेटी मी आल्यावर काढीन.

तुमची,
बाळी