बौद्धिक दिव्यांगांच्या दातांकडे कोण पाहणार?

महोदय,

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळा आणि प्रमाणपत्रे यांविषयी वृत्तपत्रांतून अधूनमधून लिहिले जाते. त्यांच्या दातांचा विषय मात्र सहसा निघत नाही. ज्याला बोलता येत नाही, तो दाढ दुखू लागली की जेवण सोडतो, रात्र रात्र जागतो, स्वतःच्याच गालावर मारून घेतो, आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो. माझ्या प्रौढ मुलीच्या बाबतीत हेच घडले. दुखणे दाढेचे आहे हे कळल्यावरही ‘ती खुर्चीत स्थिर बसत नाही, मोठ्या ठिकाणी न्या’ असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले.

या मुलांचे दात बिघडण्यामागे केवळ घरच्यांची हयगय नसते. डाउन सिंड्रोममध्ये (जन्मजात गुणसूत्रदोषात) दात उशिरा येतात आणि हिरड्यांचा आजार कमी वयातच बळावतो. फिट्ससाठी दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनमुळे हिरड्या वाढून दातांवर चढू शकतात (म्हणून ते औषध परस्पर बंद करणे मात्र घातक ठरते). सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्यांचा घास बराच वेळ तोंडात राहतो, शिवाय ब्रश हातात नीट धरता येत नाही. रोजच्या औषधांच्या गोड सिरपनेही दात किडतात.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दंतविकारांची तपासणी होते, पण ती 18 वर्षांपर्यंतच; त्यानंतरची सगळी जबाबदारी वृद्ध होत चाललेल्या आईवडिलांवर येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 25 मध्ये घराजवळ आरोग्यसेवा, अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य या तिन्ही गोष्टी नमूद आहेत. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण मिळते, परंतु उपचार करणारेच सापडत नसतील तर विम्याचा उपयोग काय?

मिरजेला आरोग्यपंढरी म्हणतात. तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर सांगली परिसरात दंत महाविद्यालये आहेत. ही साधने एकत्र आणून जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात या रुग्णांसाठी आठवड्यातील एक सकाळ राखून ठेवावी, अशी माझी आरोग्य प्रशासनाला विनंती आहे. पहिल्या एकदोन भेटींत फक्त खुर्चीची, दिव्याची आणि आरशाची ओळख करून दिली, तर बरीच मुले पुढे शांतपणे तपासून घेतात. घाई केली की तीच मुले कायमची बिथरतात, आणि पालकांपुढचा सगळ्यात मोठा अडसर हाच आहे. ज्यांच्यावर असे उपचार शक्यच नाहीत त्यांच्यासाठी भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पूर्ण भूल देऊन, एकाच वेळी सर्व दातांचे काम करण्याचा ठरावीक दिवस असावा आणि त्याची तारीख विशेष शाळांना व प्रौढ दिव्यांग जेथे काम करतात त्या कार्यशाळांना आधी कळवावी.

— एक पालक, विश्रामबाग, सांगली