मुलांच्या पानावर एकदा 120 आकड्यांचा तक्ता छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर कोडी असतात, रंगवायला चित्रं असतात, आमच्याकडची मुलं वाट बघतात त्याची. एक विनंती आहे, त्या पानावर एकदा 1 ते 120 आकड्यांचा तक्ता छापा, एका ओळीत सहा आकडे, खाली खाली वीस ओळी, बाकी काही नको. कशासाठी ते सांगते.

इथे लोकमान्य नगरात आजूबाजूची पाचवी-सहावीची मुलं संध्याकाळी माझ्याकडे गणिताला बसतात. 100 पर्यंतच्या मूळ संख्या विचारल्या की पंचवीसच्या पंचवीस धडाधड म्हणून दाखवतात, टेस्टच्या आधी पाठ करून घेतलेल्या असतात ना. पण 91 मूळ का नाही विचारलं की गप्प, आणि 113 विचारलं तर सांगतात हे तर कोर्समध्येच नाहीये. मला फार वाईट वाटतं, कारण हे पाठ करायचं नाहीच, पेन्सिल घेऊन स्वतः शोधायचं आहे.

तक्ता समोर ठेवा. 1 आधीच खोडायचा, कारण मूळ संख्येला बरोब्बर दोन विभाजक पाहिजेत आणि 1 ला एकच आहे. मग 2 ला गोल करा आणि दोनच्या पटी खोडा, तर दुसरा, चौथा, सहावा हे उभे रकाने सरळ उडतात, 3 केलं की तिसराही गेला. आता 5 च्या पटी खोडायला लागलं की त्या तिरक्या डावीकडे उतरत जातात, आणि 7 च्या उजवीकडे. का? ओळीत सहा घरं आहेत, 5 एकने कमी म्हणून दर वेळी एक घर मागे, 7 एकने जास्त म्हणून एक घर पुढे. मुलांना हे कोणी सांगावं लागत नाही, त्यांचं त्यांनाच दिसतं, आणि दिसलं की जो आरडाओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो.

2 आणि 3 झाल्यावर पहिला आणि पाचवा रकानाच उरतो, त्यात मूळ वाटणाऱ्या पण मूळ नसणाऱ्या संख्या फक्त अकरा आहेत: 25, 35, 49, 55, 65, 77, 85, 91, 95, 115 आणि 119. सगळ्या पाढ्यांत सापडतात, तेरा साती एक्क्याण्णव, सतरा साती एकशे एकोणीस. दहापर्यंतच पाढे येणाऱ्या मुलाला 91 हाती लागत नाही, म्हणून आपल्या घरांमध्ये तीसपर्यंत पाढे म्हणून घ्यायची जी पद्धत होती ती मी अजून सोडलेली नाही.

7 झालं की थांबायचं, आणि का थांबायचं हेच कोणी शिकवत नाही. विभाजक जोडीनं येतात. 72 घ्या, 1 आणि 72, 2 आणि 36, 3 आणि 24, 4 आणि 18, 6 आणि 12, 8 आणि 9, बस, पुढे गेलात तर त्याच जोड्या उलट्या येतात. जोडीतला लहान आकडा वर्गमूळाच्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणून तिथपर्यंतच बघायचं. 11 अकरे 121, म्हणून 120 पर्यंत 2, 3, 5, 7 एवढे चार पुरतात, म्हणूनच मी 100 नाही 120 म्हणते. तीस मूळ संख्या उरतात त्यात. 113 चं आता काय अवघड आहे, सम नाही, अंकांची बेरीज 5 म्हणून 3 नी जात नाही, शेवटी 0 किंवा 5 नाही, सातानं 112 जातात आणि 1 उरतो. झाली मूळ.

आकडे असे खोडत जायच्या रीतीला चाळणी म्हणतात, आणि ही चाळणी ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसच्या नावाची, म्हणजे दोन हजार वर्षांच्या वरची. आणि भंवरकुव्याला कोचिंगला जाणाऱ्या मोठ्या मुलांना मी हेही सांगत असते की 2002 मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना ह्यांनी संख्या कितीही मोठी असली तरी ती मूळ आहे की नाही हे कमी पायऱ्यांत आणि नक्की ठरवायची रीत काढली, आणि कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बीटेक झालेले होते. प्रश्न तोच, जो पाचवीच्या मुलाच्या कॉपीत असतो.

तक्ता छापाल तेव्हा आकडे जरा मोठे घ्या, गोल करायला जागा राहील असे, आणि उत्तर त्याच पानावर उलटं करून देऊ नका प्लीज, पुढच्या रविवारी द्या. सोबत 121, 143 आणि 149 हे तीन आकडे देऊन विचारा ह्यातला मूळ कोणता आणि कुठपर्यंत तपासलं, तेही लिहून मागवा.

आपली वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर