प्रदर्शनांचा क्रम ऋतू पाहून ठरवा

आपल्या अंकात कलादालनाच्या वर्षभराच्या प्रदर्शनांचे वेळापत्रक वाचले. भिंती बाराही महिने भरलेल्या राहणार, याचा मनापासून आनंद आहे. मात्र जलरंगचित्रे जुलै-ऑगस्टमध्ये आणि दगडी व भाजक्या मातीची शिल्पे डिसेंबरमध्ये, हा क्रम उलटा करावा. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेतील ओलाव्याचे प्रमाण, ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते आणि तपकिरी ठिपके उमटतात. ते सहसा पुरते निघत नाहीत. चित्र काचेला टेकलेले असेल तर रंगही काचेला चिकटतो; म्हणून मध्ये आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवा आणि मागून हवा खेळावी यासाठी चौकट भिंतीपासून बोटभर सुटी हवी. दगड पावसाळा सहज सोसतो.

खानदेशच्या मे महिन्यात पाण्याचा कूलर लावावासा वाटणारच, पण तो दमट हवा थेट चित्रांवर सोडतो. कागदावरील कामाला प्रकाशही ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त नको. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांची जुनी छायाचित्रे कधी येथे मांडायची झाली, तर एवढी तयारी आधी हवीच. आर्द्रतामापक फार महाग नसतो. प्रत्येक दालनात एक लावून रोजची नोंद ठेवावी.

– एक कलाशिक्षक, धुळे