लेकीच्या हातात पेन देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

हे सगळं तुमच्यासमोर बसून बोलायचं होतं, पण केबिनमध्ये आले की घसा दाटून येतो आणि नुसतं थँक्यू म्हणून बाहेर पडते. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण ज्यांच्या घरी वाढत्या वयाची मुलं आहेत त्यांना तुम्ही काय केलंत ते कळायला हवं.

आम्ही आलो होतो फक्त एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर टाळणाऱ्या, लसीसाठी. 9 ते 14 या वयात ती मुलींना द्यावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, लेक 13 ची, म्हटलं राहायला नको. लस टोचून आम्हाला पाठवून दिलं असतंत तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण तुम्ही तिच्याकडे बघून विचारलंत, "शेवटचं पूर्ण चेकअप कधी झालं गं तुझं? म्हणजे आजारी नसताना?" ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे, कारण असं चेकअप कुणी केलंच नव्हतं. लहानपणी लसींच्या निमित्ताने वजन-उंची व्हायची, त्या लसी संपल्या की मग डॉक्टरकडे जायचं ते ताप-खोकल्यालाच, आणि तापात फणफणलेल्या पोराची उंची कोण मोजतंय.

आणि मी विचारलं नव्हतं असं नाही हो! तुमच्याआधी ज्यांच्याकडे जायचो त्यांना मी दरवेळी सांगत होते की ही सारखी दमते, वजन वाढतंय, थंडी जास्त वाजते, पहिल्यासारखी हसत-खेळत नाही. एकांनी तिच्यादेखत म्हटलं, "लाड कमी करा." दुसऱ्यांनी मान वर न करता, "खाणं कमी, मोबाइल कमी, पळायला पाठवा." शाळेच्या फिटनेस सर्टिफिकेटवर तर तिला हात न लावताच सही झाली होती. माझी पोर त्या खुर्चीत आक्रसून बसायची आणि घरी येऊन जेवायची नाही. त्या लोकांवरचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. चुकीचं निदान झालं असतं तर एकवेळ समजू शकले असते, पण निदान करायला आधी बघावं तरी लागतं ना.

तुम्ही बघितलंत. बीपी घेताना तिच्या दंडाच्या मापाचा पट्टा शोधून आणलात, आणि 3 वर्षांच्या पुढे वर्षातून एकदा मुलांचंही बीपी बघायचं असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावलीत, कारण एका डोळ्याने नीट दिसत असेल तर मूल तक्रारच करत नाही. पुढे वाकवून पाठीचा कणा सरळ आहे का तेही पाहिलंत. आणि प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी तिला विचारत होतात, मला नाही.

मग मला म्हणालात, घरी जुने कागद असतील तर पुढच्या वेळी आणा, लसीचं कार्ड, प्रगतिपुस्तकं, जिथे जिथे उंची-वजन लिहिलंय ते सगळं. मी पिशवी भरून आणलं. आता जे सांगणार आहे ते तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. तुम्ही ग्रोथ चार्ट, म्हणजे वयाप्रमाणे उंची-वजनाच्या रेघा आखलेला तक्ता, टेबलावर पसरलात, खुर्ची फिरवून तिच्या बाजूला आणलीत, आणि स्वतःच्या खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलंत. "हा चार्ट तुझा आहे, ठिपके तूच मांड. मी वय सांगते, तू आकडा शोध."

बाकी काही विसरेन पण हे नाही विसरणार. इतके दिवस सगळे तिच्याबद्दल तिच्या डोक्यावरून बोलत होते. आणि इथे ती टेबलावर ओणवी होऊन एकेक ठिपका मांडतेय, तुम्ही पर्सेंटाइल म्हणजे काय ते सांगताय, की 25 व्या रेघेवर असणं म्हणजे तुझ्या वयाच्या शंभर मुलींमधल्या साधारण 25 तुझ्याहून बुटक्या, त्यात पास-नापास काही नाही, आपापल्या रेघेच्या आसपास वाढत राहणं महत्त्वाचं. मग तिने ठिपके जोडले आणि तिचं तिलाच दिसलं. लहानपणापासून बरोबर मधल्या रेघेवरून चाललेली उंची अलीकडे जवळजवळ आडवी झाली होती, आणि वजनाची रेघ मात्र वर वर. ती म्हणाली, "मॅडम, मी वाढायची थांबलेय का?" तुम्ही उडवून लावलं नाहीत आणि घाबरवलंही नाहीत. म्हणालात, "थांबली नाहीस, कशाने तरी अडलीयेस. काय ते शोधू. आणि हे तुझ्या आळसामुळे झालेलं नाही."

त्या शेवटच्या वाक्याला माझी लेक रडली.

मग तुम्ही समजावून सांगितलंत की नुसतं जास्त खाऊन वजन वाढलेली मुलं बहुतेक वेळा उंचीलाही बरी वाढतात, वजन वाढतंय आणि उंची अडकलीय असं दिसलं तर हार्मोन्स तपासायलाच हवेत. रक्ताची तपासणी झाली, टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, भरपूर वाढलेलं निघालं, म्हणजेच तिच्या थायरॉइडचं काम मंदावलं होतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते, आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये हे जास्त आढळतं. उंचीचा वेग मंदावणं ही त्याची बऱ्याचदा पहिली खूण असते म्हणे. अशी खूण, जी फक्त मोजपट्टी, कागद आणि थोडा वेळ एवढ्यावर सापडते! आणि ती सापडायला आणखी उशीर झाला असता तर गेलेली उंची सगळी भरून निघाली असतीच असं नाही. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. ती स्वतः आठवणीने घेते. पोरगी पुन्हा जागी झालीये, जिने धावत चढते, भांडते सुद्धा, आणि मला ते भांडण ऐकून बरं वाटतं.

आणखी एक गोष्ट. तुम्ही मला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलंत. या वयाच्या मुलांशी दरवेळी थोडं एकट्याने बोलते म्हणालात, झोप, मूड, शाळेतला त्रास, आणि जिवाला धोका असल्याशिवाय त्यातलं काही घरच्यांना सांगत नाही, हेही आम्हा दोघींसमोरच स्पष्ट केलंत. आत काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. पण त्या रात्री तिने आपणहून सांगितलं की वर्गात तिला काय काय नावं ठेवत होते. कुणीतरी आधी नीट ऐकून घेतलं, म्हणून तिला बोलता आलं.

लोक म्हणतील डॉक्टरचं कामच आहे ते. असेल. पण काम आणि माणुसकी एकाच माणसात भेटली की जीव वाचल्यासारखं वाटतं, मग तो डॉक्टर असो, शिक्षक असो की एखाद्या ऑफिसच्या खिडकीमागे बसलेला क्लार्क. समोरच्याकडे मान वर करून बघायला फार वेळ लागत नाही. बाहेर गर्दी तुमच्याकडेही तेवढीच होती, आम्ही बसलेलो त्या गर्दीत.

पुढच्या महिन्यात धाकट्याला घेऊन येतेय. ताप नाही, खोकला नाही, कसली तक्रार नाही. आता तो 8 वर्षांचा आहे आणि त्याच्या उंचीची शेवटची नोंद बालवाडीतली आहे. बहिणीने त्याला आधीच बजावलंय की मॅडम पेन देतील तेव्हा ठिपका नीट मांड.

तुमची कायमची ऋणी,
एक आई