तिसऱ्या गोळीनंतरही बीपी उतरत नसेल तर

महोदय,

‘मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका’ हे मी इचलकरंजीतल्या माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षं सांगत आलो. एका यंत्रमाग कामगारालाही तेच सांगितलं. वय ३३. लघवीच्या गोळीसकट तीन गोळ्या चालू, तरी बीपी १६०/१०० च्या खाली येईना. रात्री पायात गोळे येतात म्हणायचा. पोटॅशियम २.९ निघालं. लघवीच्या गोळीमुळे कमी झालं असेल असं धरून मी पोटॅशियमचं औषध लिहून दिलं आणि दोन वर्षं तसंच रेटलं. शेवटी रक्तातलं अल्डोस्टेरॉन (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत बनणारं हार्मोन) आणि त्यावर ताबा ठेवणारं रेनिन तपासलं, सीटी स्कॅन केला, तेव्हा डाव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत लहानशी गाठ सापडली. दुर्बिणीतून ती ग्रंथी काढली. आता त्याला एकच गोळी पुरते. वाया गेलेली ती दोन वर्षं मला अजून सलतात.

अल्डोस्टेरॉन जास्त झालं की शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. अमेरिकन डॉक्टर जेरोम कॉन यांनी १९५५ साली या आजाराचं वर्णन केलं. आम्ही शिकत होतो तेव्हा तो दुर्मिळ समजला जाई. तसा तो नाही. बीपीच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांना असतो, औषधांना दाद न देणाऱ्यांत त्याहून जास्त. तेवढ्याच बीपीच्या इतर रुग्णांपेक्षा यांना पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका अधिक, म्हणून नुसता आकडा खाली आणून भागत नाही.

मग तपासायचं कुणाला? एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने २०२५ मध्ये बीपीच्या सगळ्याच रुग्णांची तपासणी सुचवली आहे. मला ते पटतं, पण आमच्याकडे अनेकांना गोळ्यांचाच खर्च जड जातो. म्हणून सुरुवात तरी अशांपासून व्हावी: तीन गोळ्यांनीही बीपी न उतरणारे, पोटॅशियम कमी असणारे, चाळिशीच्या आत बीपी सुरू झालेले, घरात कुणाला तरुणपणी पक्षाघात झालेला. पोटॅशियम नॉर्मल आलं म्हणून मात्र कुणाला वगळू नये. या आजाराच्या बहुतेक रुग्णांत ते नॉर्मलच असतं.

याचा अर्थ सरसकट सगळी हार्मोन्स तपासावीत असा नाही. अचानक डोकेदुखी, दरदरून घाम आणि धडधड यांचे झटके येत असतील तर मेटानेफ्रिन (अॅड्रेनलिनपासून बनणारं द्रव्य) तपासावं. चेहरा गोल होऊन पोटावर जांभळे पट्टे उठले असतील तर कॉर्टिसॉल.

गाठ नसली किंवा दोन्ही ग्रंथींत दोष असला तरी अल्डोस्टेरॉनचा परिणाम रोखणारी स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी, स्वस्त गोळी आहे. अडतं ते तपासणीपाशी. जिल्हा रुग्णालयांत आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकमध्ये या रुग्णांची अल्डोस्टेरॉन-रेनिन तपासणी मोफत व्हावी, नमुने बाहेर पाठवावे लागले तरी चालतील, अशी आरोग्य विभागाला माझी कळकळीची विनंती आहे.

— एक फॅमिली डॉक्टर, इचलकरंजी